परक्या वॉर्डात घरचा आवाज

मन्नाएखेळ्ळीसारख्या गावातून आजीला उपचारांसाठी बिदरला किंवा हैदराबादला नेलं, की भोवती कन्नड, तेलुगू, दखनी. घरची मराठी तेवढी हरवते. रात्री ती अचानक बरळू लागली, सलाईन उपटू लागली, तर ते वेड नव्हे, बहुधा डिलिरियम असतो. स्मृतिभ्रंश हळूहळू वाढतो. डिलिरियम हा भ्रम मात्र काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो. जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, औषधं ही त्याची कारणं. डॉक्टरांना लगेच सांगा.

मग चष्मा लावून द्या, हात हातात घ्या. "आजी, मी आलोय. आपण दवाखान्यात आहोत," असं सावकाश, पुन्हा पुन्हा सांगा. वाद नको. दिवसा उजेड, रात्री निवांत झोप.

येल विद्यापीठाच्या १९९९च्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांत १५ टक्के रुग्णांना भ्रम झाला, तर अशा साध्या काळजीत सुमारे १० टक्क्यांना. घरचं माणूस उशाशी असणं हाही उपचारच आहे.