चाकांवर उभे राहण्याआधी पडायला शिकू या



वस्तीतल्या मुलांच्या पायांत आता स्केट्स दिसू लागले आहेत. कुणाच्या आईला कामाच्या घरून मिळालेले, कुणी जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेले. मुले विहारासमोरच्या फरशीवर भराभरा फिरतात आणि आया कट्ट्यावर बसून बघतात. त्यातल्याच काहीजणी आम्हाला विचारू लागल्या, "सिस्टर, या वयात आम्हाला जमेल का हो?" विचारणाऱ्या ३५ ते ५० वयाच्या.

जमेल. आमच्या आरोग्य गटातल्या काहीजणी शिकल्या, म्हणून खात्रीने सांगतो. पडायची भीती सगळ्यांनाच असते, पण आपल्या बायकांची भीती वेगळी आहे. धुण्याभांड्याची चार घरे धरलेल्या बाईचे मनगट मोडले, तर साधारण सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. तेवढ्या दिवसांची पगारी रजा कोण देणार? आठवड्याभरात त्या घरात दुसरी बाई लागलेली असते. म्हणून हौसेला मोल नाही, असे आम्ही म्हणणार नाही. आधी मोल मोजू, मग स्केट्स बांधू.

पडताना माणूस हात पुढे टेकतो. ते आपोआप होते, कितीही ठरवले तरी. सगळे वजन तळहातावर येते आणि मनगटाजवळचे हाड मोडते. एका ओळीत चाके असलेल्या स्केट्सवर सगळ्यात जास्त जपायचे ते मनगटच. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की मनगटाचे गार्ड न घालणाऱ्यांना मनगटाची इजा होण्याची शक्यता सुमारे दहापट होती. या गार्डमध्ये तळहाताच्या बाजूला टणक पट्टी असते. हात टेकला की ती जमिनीवर घसरते आणि हाडावरचा दणका कमी होतो. तेव्हा आमचे सांगणे असे: पैसे थोडेच असतील तर स्केट्स जुने घ्या, मागून घ्या, दोघींत एक वापरा, पण मनगटाचे गार्ड, गुडघ्याचे व कोपराचे पॅड आणि हेल्मेट यांत काटकसर करू नका. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटांवर बसले पाहिजे आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला पाहिजे. मागे सरकवलेले हेल्मेट कपाळाला वाचवत नाही.

चपलेवर पट्ट्याने बांधायचे पत्र्याचे चार चाकी स्केट्स मोठ्यांनी वापरू नयेत. त्यांत घोट्याला आधार नसतो. घोट्याच्या वरपर्यंत येणारा बूट हवा. बांधल्यावर टाच उचलली जाता कामा नये, बोटे पुढे जेमतेम टेकावीत.

पहिले दोन दिवस चाके फिरवायचीच नाहीत. गवतावर किंवा जुन्या सतरंजीवर उभे राहायचे, चालायचे, आणि मुद्दाम पडायचे. होय, मुद्दाम. तोल जातोय असे वाटले की गुडघे वाकवून खाली बसत पुढे जायचे. आधी गुडघ्याचे पॅड टेकतील, मग कोपराचे, शेवटी गार्डची पट्टी. बोटे वर उचललेली ठेवायची. मागे पडणे वाईट. त्यात माकडहाड आपटते आणि डोकेही लागते. म्हणून पाठ ताठ करून उभे राहायचे नाही. आमच्यातली एक ताई पहिल्याच सकाळी मुद्दाम इतक्या वेळा पडली, की बघायला जमलेली पोरे कंटाळून निघून गेली. पुढे सगळ्यांत आधी तिलाच जमले.

मग फरशी. पाय खांद्याइतके लांब, गुडघे वाकलेले, नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर टेकलेली, हात समोर, नजर पुढे. पायाकडे बघितले की तोल गेलाच. टाचा जवळ आणि बोटे बाहेर ठेवून बदकासारखी पावले टाकायची. जोर मागे नाही, बाजूला द्यायचा. थांबण्यासाठी बहुतेक बुटांत उजव्या टाचेमागे रबरी ब्रेक असतो. तो पाय पुढे सरकवायचा, बोटे वर उचलायची आणि खुर्चीत बसल्यासारखे किंचित बसायचे. ब्रेक येईपर्यंत उताराच्या गल्लीकडे फिरकू नका. ओल्या फरशीवर तर मुळीच नाही.

सोण भिक्खूची गोष्ट आपण वर्षावासात ऐकतो. श्रीमंत घरात वाढलेला, तळपाय कोवळे. चंक्रमण करता करता पाय फुटून रक्त आले. तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली: तारा फार ताणल्या तरी सूर लागत नाही, फार सैल सोडल्या तरी नाही. याच प्रसंगी भिक्खूंना एका तळव्याची पादत्राणे घालायची परवानगी मिळाली, असे विनयपिटकात आहे. वीणेचे सगळे सांगतात, पादत्राणांचे कुणी सांगत नाही. आम्हा नर्सेसना पादत्राणांची बाजू जास्त महत्त्वाची वाटते! तर, एका वेळी २० मिनिटे पुरे, आठवड्यातून तीनदा. जाड मोजे घाला. फोड आला तर फोडू नका.

आता लोकांचे. "विहारासमोर हे काय?" असे काही ज्येष्ठांनी विचारले. त्यांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले. वंदनेच्या वेळी आवाज नको हे बरोबरच. म्हणून पहाटेची वेळ ठरली आणि वंदनेआधी फरशी झाडून द्यायची हेही ठरले. पण बाईने खेळणे अशोभनीय, हे म्हणणे आम्ही मान्य केले नाही. आपल्या आया-आज्यांचे शरीर खडी फोडायला चालले, डोक्यावर विटा वाहायला चालले, तेव्हा कुणाला अशोभनीय वाटले नव्हते. साडी मात्र नको, चाकात अडकते. पंजाबी ड्रेस चालेल, ओढणी घरी.

मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे गाव आहे. तिथे २०१५ साली स्केटबोर्डसाठी मैदान झाले. आदिवासी आणि यादव मुले तिथे एकत्र खेळू लागली, आणि नियम असा की आधी मुलींची पाळी. आपल्याकडे मैदान क्रिकेटवाल्यांचे आणि उरलेली जागा गाड्यांची. पाळीचा असा नियम आपल्याही मंडळाने करायला हरकत नाही.

पायाला मुंग्या येतात किंवा बधिरपणा आहे अशा मधुमेही भगिनी, चक्कर येणाऱ्या, रक्तदाब आटोक्यात नसलेल्या, गरोदर, आणि पूर्वी किरकोळ पडूनही हाड मोडलेल्या भगिनींनी आधी डॉक्टरांना विचारावे. फार थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आणि एवढे करूनही लागले तर? खरचटले असेल तर साबण-पाण्याने धुवा. हळद, टूथपेस्ट लावू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. मनगट सुजले किंवा वाकडे दिसले तर पहिल्या मिनिटात अंगठ्या, कडे, हातात असेल ते काढा. सूज चढल्यावर ते कापावे लागते. घडी केलेले वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा हाताखाली घेऊन बांधा, ओढणीची झोळी करून हात गळ्यात घ्या आणि दवाखान्यात जा. तेल लावून चोळायचे नाही, हाड बसवणाऱ्याकडे जायचे नाही. बोटे निळी पडली वा बधिर झाली तर थांबू नका. डोक्याला लागल्यावर उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी असेल तरी तसेच.

एक गोष्ट फार जणींची राहून जाते. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल आणि एक्स-रे साफ आला, तरी तिथले छोटे हाड तडकलेले असू शकते. ती चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. दुखणे राहिले तर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा दाखवा. पहिला एक्स-रे आणि केसपेपर फेकू नका.

पाऊस उघडला की आमचा गट रविवारी पहाटे विहारासमोर असतो. गार्डचे जोड थोडे आहेत, पाळीपाळीने मिळतील. मोजे आपापले आणा. काचेच्या बांगड्या घरी काढून या.