वर्गणीतून उभा राहिलेला शिष्यत्वाचा वर्ग

बाप्तिस्मा घेतला आणि रविवारी चर्चमध्ये प्रवचन ऐकले, एवढ्याने माणूस ख्रिस्ताचा शिष्य होतो का, हा ख्रिस्ती धर्मातील जुना प्रश्न आहे. श्रद्धा जागी होणे आणि ती रोजच्या वागण्यात मुरणे यांत मोठे अंतर असते. हे अंतर एकट्याने कापता येत नाही, असे अठराव्या शतकातील इंग्लंडचे धर्मोपदेशक जॉन वेस्ली (१७०३-१७९१) यांचे ठाम मत होते. त्यांच्या मेथॉडिस्ट चळवळीने त्यावर शोधलेला उपाय म्हणजे सुमारे बारा जणांचा साप्ताहिक वर्ग.

वेस्ली यांची स्वतःची जडणघडणही सहवाचनातून झाली होती. ऑक्सफर्ड विद्यापीठात त्यांचे धाकटे बंधू चार्ल्स यांच्या पुढाकाराने १७२९मध्ये काही तरुणांचा गट जमला. हे तरुण ग्रीक भाषेतील नवा करार एकत्र अभ्यासत आणि पुढे तुरुंगातील कैद्यांनाही भेटू लागले. २४ मे १७३८ रोजी लंडनमधील ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरील एका छोट्या मेळाव्यात मार्टिन ल्यूथर यांचे लेखन वाचले जात असताना आपला ख्रिस्तावर खरा भरवसा बसला, असे वेस्ली यांनी रोजनिशीत नोंदविले आहे.

पुढच्याच वर्षी त्यांनी ब्रिस्टल परिसरात उघड्यावर प्रवचने सुरू केली. कोळसा खाणींतील मजूर मोठ्या संख्येने येऊ लागले. मात्र, प्रवचन संपल्यावर या माणसांचे पुढे काय, हा प्रश्न उरत होता.

त्याचे उत्तर कर्जफेडीच्या बैठकीतून मिळाले. ब्रिस्टलमधील सभागृहाचे कर्ज कसे फेडावे, हे ठरविण्यासाठी १५ फेब्रुवारी १७४२ रोजी सभासद जमले होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी वर्गणी द्यावी, अशी सूचना एका कॅप्टनने केली. अनेकांना तेवढेही परवडणार नाही, असा आक्षेप निघाला. तेव्हा सर्वांत गरीब अकरा जणांची जबाबदारी त्याने स्वतःकडे मागून घेतली. त्यांना जमले नाही तर त्यांचा वाटा आपण भरू, असे सांगितले. इतरांनीही हीच पद्धत स्वीकारली आणि सभासदांचे वर्ग पडले.

वर्गणीसाठी दर आठवड्याला घरोघर जाणाऱ्या वर्गप्रमुखांना हळूहळू घरातले चित्र दिसू लागले. कोणाकडे भांडणे आहेत, कोण पुन्हा दारूकडे वळला आहे, हे कळू लागले. आपल्याला हवी होती ती व्यवस्था हीच, हे वेस्ली यांनी ओळखले. पुढे मालकांच्या घरी राहणाऱ्या नोकरांची अशी विचारपूस करणे अवघड ठरले, म्हणून सर्वांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे, असे ठरले.

प्रार्थना आणि गीतानंतर प्रत्येकाने आपल्या आत्मिक स्थितीविषयी बोलायचे, असे या बैठकीचे स्वरूप होते. बायबलचा अर्थ लावण्यापेक्षा ते वागण्यात किती उतरले, याला येथे महत्त्व होते. वर्गप्रमुख बहुधा कारागीर किंवा दुकानदार असत. स्त्रियांनीही ही जबाबदारी सांभाळली.

१७४३मध्ये वेस्ली यांनी नियमावली प्रसिद्ध केली. प्रवेशासाठी पापापासून सुटका मिळविण्याची इच्छा पुरेशी होती. ती इच्छा खरी असल्याचे मात्र तीन गोष्टींतून दिसावे लागे: वाईट टाळणे, चांगले करणे आणि उपासना, प्रभुभोजन, प्रार्थना, उपवास व पवित्र शास्त्राचा अभ्यास यांत सातत्य ठेवणे. जकात चुकवून आणलेला माल घेणे हेही त्यात निषिद्ध होते.

ही शिस्त कागदावर राहिली नाही. १७४३च्या मार्चमध्ये न्यूकॅसल येथे ६४ जणांना काढून टाकल्याची नोंद वेस्ली यांनी केली आहे. त्यांतील १७ जण दारूबाजीमुळे, एक जण पत्नीला मारहाण केल्यामुळे, तर सर्वाधिक २९ जण उथळपणा आणि बेफिकिरीमुळे गेले. याउलट, वर्ग नसतील तर काय होते, हे त्यांनी १७६३मध्ये वेल्समधील पेम्ब्रोकशायरमध्ये पाहिले. तेथे वीस वर्षे प्रवचने झाली होती. पण माणसे बांधली न गेल्याने एकदा जागे झालेल्या दहांपैकी नऊ जण पुन्हा गाढ झोपी गेले, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ही पद्धत मुंबईतही पोहोचली. अमेरिकन उपदेशक विल्यम टेलर १८७१च्या नोव्हेंबरमध्ये येथे आले. नव्याने श्रद्धा स्वीकारलेल्यांचे छोटे गट त्यांनी घराघरांत सुरू केले आणि शहरातील मेथॉडिस्ट मंडळी या गटांतूनच आकाराला आली. १८४८पासून मुंबईत साधेपणाने राहणारे मिशनरी जॉर्ज बोवेन हेही त्यांना येऊन मिळाले.

एकोणिसाव्या शतकात मात्र मूळ वर्गांना उतरती कळा लागली. मनमोकळ्या बोलण्याची जागा ठरावीक वाक्यांनी घेतली आणि सुस्थितीत आलेल्या सभासदांना खासगी गोष्टी चारचौघांत सांगणे नकोसे झाले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मेथॉडिस्ट चर्चने १८६६मध्ये वर्गाला हजर राहण्याची अट काढून टाकली.

आज अनेक पंथांच्या चर्चमध्ये छोटे बायबल अभ्यास गट भरतात. त्यांत वाचन आणि चर्चा होते. वेस्ली यांच्या वर्गाचा कस मात्र त्याच्या पुढच्या प्रश्नात होता: गेल्या आठवड्यात तुम्ही कसे वागलात? तो विचारण्याचा अधिकार वर्गप्रमुखाला मिळाला, तो आधी त्याने गरिबाच्या वाट्याची पेनी भरण्याची तयारी दाखविली म्हणून.