अ‍ॅपवरची ओळख, बागेतली भेट



कमाटीबागेत सकाळी फिरायला आम्ही सातजण होतो. दोघे मुलांकडे पुण्याला आणि बंगळुरूला कायमचे गेले, एकांना देवाज्ञा झाली, एकांच्या गुडघ्यांनी साथ सोडली. बाकावर उरलो तिघे. बँकेतल्या नोकरीमुळे ओळखी उदंड, पण संध्याकाळी चहाला बोलवावे असे कोण, हे मोजायला एका हाताची बोटेही जास्त झाली.

नागपूरहून लग्न होऊन वडोदऱ्यात आलेल्या आपल्या मंडळातल्या एका सूनबाईंची अडचण तीच, वय तेवढे वेगळे. त्यांनीच आम्हाला 'मीटअप' हे अ‍ॅप दाखवले.

हे 2002 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर एरवी न बोलणारे शेजारी एकमेकांची विचारपूस करू लागले, त्यावरून स्कॉट हाइफरमन यांना ही कल्पना सुचली. आपले शहर आणि आवड टाकली की चालणे, पुस्तके, बुद्धिबळ असे जवळपासचे गट दिसतात. भेट कुठे, किती वाजता, कितीजण येणार, सगळे लिहिलेले असते. आपण 'येतो' असे कळवायचे. जागा भरल्या असतील तर रेल्वेसारखी वेटिंग लिस्ट! गट चालवणाऱ्याला अ‍ॅपची वर्गणी भरावी लागते. सभासद होणे सहसा फुकट असते, एखाद्या कार्यक्रमाला मात्र शुल्क असू शकते.

'टाइमलेफ्ट' नावाचे दुसरे अ‍ॅप प्रश्नावली भरून घेते आणि बुधवारी रात्री अनोळखी लोकांना एका टेबलावर जेवायला बसवते. मुंबई-बंगळुरूच्या तरुणांना ते जमते. आम्हाला नऊनंतर जेवण पचत नाही.

खरे सांगायचे तर आपल्या शहरात गट थोडे, आणि त्यांत आयटीतली मुले जास्त. शिवाय सगळेच मैत्रीसाठी येत नाहीत. अशाच एका अ‍ॅपवरून आम्ही एका गटात गेलो. पहिल्या भेटीत गप्पा रंगल्या, दुसऱ्या भेटीत 'दरमहा खात्रीचा परतावा' देणारी योजना निघाली. कर्जाचे अर्ज तपासण्यात जन्म गेलेला, आम्ही चहा अर्धा टाकून उठलो. म्हणून सांगतो, पहिली भेट बागेत किंवा हॉटेलात, दिवसाउजेडी, घरी सांगून. घरचा पत्ता, आधार, ओटीपी कोणाला द्यायचा नाही. पैशाचा विषय निघाला की गट सोडायचा.

तरी आम्ही अ‍ॅप काढून टाकले नाही. चालण्याच्या एका गटात एक निवृत्त गुजराती मास्तर भेटले. ते आता रोज आमच्या बाकावर येतात, गुजरातीत बोलतात, आम्ही मराठीत उत्तर देतो, आणि चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर रोज भांडण होते.

ज्यांना फोनवर हे सुरू करायला अवघड वाटते, त्यांनी रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात यावे. सूनबाई आणि आम्ही तिथे असतो. चष्मा विसरू नये.