कूपीच्या तोंडाशी

पाताळगंगेकाठचं आपटा मागे पडलं की रोह्याकडून येणारी गाडी थोड्याच वेळात पनवेलला पोहोचते. तिथं वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली श्री धूतपापेश्वरचा पाया घातला आणि पनवेलचं नाव आयुर्वेदिक औषधांशी जोडलं गेलं. संपादकांना पनवेलच्या या औषधी परंपरेची गोष्ट हवी होती. मला त्या परंपरेतल्या आगीनं धरून ठेवलं.

रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या धातू-खनिजांपासून औषधं करण्याच्या शाखेत, आग शेणींवर मोजतात. पुट म्हणजे औषधाला दिलेली एक भाजणी. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथातलं महापुट म्हणजे दोन हात लांब, रुंद आणि खोल खड्डा, औषध बंद केलेल्या मातीच्या संपुटाखाली हजार रानशेणी, वर पाचशे. कपोतपुटाला जमिनीवर आठ शेणी पुरतात. खड्डा भडकतो, उतरतो, आपणहून निवतो. ‘स्वांगशीत’ झाल्यावाचून संपुट उघडायचं नाही. शतपुटी अभ्रकभस्माला हे सगळं शंभरदा.

पण खरा जीव गुंततो तो कूपीपक्व रसायनात. पारा आणि गंधक खलात घोटून काळीकुट्ट कज्जली होते. कापडमातीचे सात थर दिलेल्या काचेच्या कूपीत ती तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरतात आणि कूपी वालुकायंत्रात, म्हणजे वाळूच्या भांड्यात, पुरतात. आधी मृदू, मग मध्यम, मग तीव्र अग्नी. उडालेला गंधक मानेत गोठतो. वाट बुजली तर कूपी फुटेल, म्हणून राखणीला बसलेला माणूस तापवलेली लोखंडी सळई घालून ती मोकळी करत राहतो. तोंडाशी निळी ज्योत येते, पुढे विझते. तळ उगवत्या सूर्यासारखा लाल दिसतो. तांब्याचं नाणं वर धरलं आणि त्यावर पांढरा डाग उमटला, की पारा निसटू लागला. तेव्हाच बूच! घाई केली तर कूपी फुटते, उशीर झाला तर पारा हवेत जातो. निवलेली कूपी फोडली की मानेशी लाल रससिंदूर. कज्जलीत सोनं घालून केलेला मकरध्वज असेल तर तळाशी ते सोनं.

रसतंत्रात पारा शिवाचं वीर्य, गंधक पार्वतीचं रज. काळ्यातून लाल निपजणं युरोपातल्या किमयागारांनाही सिद्धीची खूण वाटे; भट्टीच्या संथ उबेची तुलना तेही अंडं उबवण्याशी करत. मला हे प्रतीक वरून चिकटवलेलं वाटत नाही. रात्रभर त्या तोंडाशी बसणाऱ्याला समोर जन्मच दिसत असणार.

आता शेणींच्या जागी विजेच्या मफल भट्ट्या आल्या आहेत. तापमान आकड्यात कळतं, ते चांगलंच. पण खड्ड्यातल्या आगीचा चढ-उतार त्या आकड्यात आपोआप येत नाही, तो मुद्दाम बसवावा लागतो. काळजी त्याहून मोठी आहे. पाक कच्चा राहिला तर मोकळा पारा रोग्याच्या पोटात जातो. २००४ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या अभ्यासात बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ग्रंथाचा हवाला देऊन हे झटकता येणार नाही. प्रत्येक बॅचचा चाचणी-अहवाल डबीसोबत मिळायला हवा, आणि सळई घेऊन बसलेल्या माणसाच्या डोक्यावर गंधकाचा, पाऱ्याचा धूर ओढून नेणारा पंखा हवा.