टाकीतला घुमारा : ली हेझलवूड

ली हेझलवूड हे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या कानावरून गेलेले नाही. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मॅनफर्ड या लहानशा गावी १९२९ साली त्याचा जन्म झाला. गाणी लिहिणे, गाणे आणि दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांची निर्मिती करणे हे त्याचे उद्योग. तिकडे संगीतातला निर्माता म्हणजे नुसता पैसे घालणारा नव्हे. कोणते वाद्य पुढे, कोणते मागे, गायकाने कसे गावे, हे सारे तोच पाहतो.

कोरियाच्या युद्धानंतर तो ॲरिझोनात रेडिओवर निवेदक झाला. तेथेच ड्वेन एडी या तरुण गिटारवादकाला त्याने हाताशी धरले. फिनिक्सच्या स्टुडिओत आवाज घुमवण्याची सोय नव्हती. मग पाण्याची एक प्रचंड रिकामी टाकी आणली, आत एका टोकाला ध्वनिक्षेपक, दुसऱ्या टोकाला मायक्रोफोन! १९५८ चे ‘रेबेल राउझर’ असे घुमले. विहिरीत डोकावून हाका मारलेल्या खेड्यातल्या पोराला हे शास्त्र वेगळे शिकवायला नको.

‘दीज बूट्स आर मेड फॉर वॉकिंग’ हे गाणे तो स्वतःसाठीच राखून होता. नॅन्सी सिनात्राचे म्हणणे पडले की, पुरुषाच्या तोंडी हे शब्द दांडगाईचे वाटतील, मुलीच्या तोंडी शोभतील. त्याने ते मानले. १९६६ मध्ये हे गाणे अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. माझ्या मते त्याचे मोठेपण ह्या मानण्यातच आहे. आपले गाणे दुसऱ्याच्या गळ्यात अधिक खरे होते, हे किती कवी कबूल करतील?

पुढे दोघांनी युगुलगीते गायिली. ‘सम व्हेल्वेट मॉर्निंग’ (१९६७) मध्ये त्याच्या खर्जातल्या ओळी चार मात्रांच्या, तर तिच्या तीन मात्रांच्या चालीवर आहेत. दोन निरनिराळी गाणी एकमेकांना अडवीत चालावीत, तसे वाटते. अर्थ मात्र कुणाला नीट लागत नाही.

एवढे नाव झाल्यावर हा गृहस्थ १९७० च्या सुमारास सरळ स्वीडनला निघून गेला! तेथे ‘काउबॉय इन स्वीडन’ निघाली. त्याच्या एकट्याच्या ध्वनिमुद्रिका त्या काळी फारशा खपल्या नाहीत. १९९० नंतर सोनिक यूथ या वाद्यवृंदाच्या ढोलवादकाने, स्टीव्ह शेली याने, त्यांतल्या काही पुन्हा काढल्या आणि नव्या पिढीला त्याची ओळख झाली.

कर्करोगाने गाठल्यावर २००६ मध्ये त्याने ‘केक ऑर डेथ’ हा शेवटचा संग्रह केला. त्यात ‘सम व्हेल्वेट मॉर्निंग’ पुन्हा आहे. ह्या वेळी स्त्रीचा आवाज त्याच्या नातीचा. ४ ऑगस्ट २००७ रोजी तो वारला.