लॉटी मून नाताळ अर्पण

लॉटी मून नाताळ अर्पण हा अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांमध्ये दरवर्षी नाताळच्या सुमारास गोळा होणारा निधी असून त्याचा विनियोग परदेशांतील मिशनकार्यासाठी होतो. हा निधी १८८८ साली प्रथम गोळा झाला आणि १९१८ मध्ये त्याला चीनमधील मिशनरी शार्लट डिग्स ऊर्फ लॉटी मून (१२ डिसेंबर १८४० – २४ डिसेंबर १९१२) यांचे नाव देण्यात आले. मराठी ख्रिस्ती परिभाषेत 'वर्गणी' आणि 'अर्पण' हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. वर्गणी संस्थेला दिली जाते, अर्पण उपासनेत देवापुढे ठेवले जाते. या निधीच्या मुळाशी असलेली कल्पना दुसऱ्या प्रकारची आहे, म्हणून येथे तोच शब्द योजला आहे.

पार्श्वभूमी

लॉटी मून यांचा जन्म व्हर्जिनिया राज्यातील एका सधन जमीनदार कुटुंबात झाला. १८६१ साली त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली. अमेरिकेच्या दक्षिण भागात असे शिक्षण घेणाऱ्या स्त्रिया त्या काळी अगदी मोजक्या होत्या. केंटकी व जॉर्जिया येथे अध्यापन केल्यावर १८७३ मध्ये त्या चीनच्या शांतुंग प्रांतातील तंगचौ (आजचे पेंगलाय) येथे गेल्या. त्यांची धाकटी बहीण एडमोनिया आदल्या वर्षीच तेथे पोहोचली होती. १८८५ च्या सुमारास मून अंतर्भागातील पिंगतू या गावी एकट्या राहून काम करू लागल्या. मिशन मंडळाकडे पैसा अपुरा होता आणि बदलीवर येणारे कोणी नसल्यामुळे त्यांना रजेवर मायदेशी जाता येत नव्हते.

१८८७ चे पत्र

मून यांचे एक पत्र मिशन मंडळाच्या मासिकात डिसेंबर १८८७ मध्ये छापले गेले. मेथडिस्ट पंथाच्या स्त्रियांनी नाताळपूर्वीचा आठवडा प्रार्थना व स्वार्थत्यागासाठी राखून ठेवला होता. बॅप्टिस्ट स्त्रियांनीही तसेच करावे, अशी सूचना मून यांनी केली.

या सूचनेमागील युक्तिवाद महत्त्वाचा आहे. नाताळात आप्तस्वकीय एकमेकांना भेटी देतात त्या कशाच्या स्मरणार्थ, असा त्यांचा प्रश्न होता. देवाने जगाच्या उद्धारासाठी आपला पुत्र दिला, हेच मूळ दान होय. मग त्याच्या स्मरणार्थ होणाऱ्या देवाणघेवाणीतील काही अंश, श्रीमंताने समृद्धीतून व गरिबाने ओढगस्तीतून, सुवार्तेसाठी वाहणे याहून उचित काय असू शकते? भेटी देणे बंद करा, असे मून म्हणत नाहीत. त्या प्रथेला तिचे कारण परत आणून देतात. मत्तयाच्या शुभवर्तमानातील (अध्याय २) क्रमही असाच आहे. पूर्वेकडून आलेले मागी लोक प्रथम बाळाला नमन करतात आणि नंतर सोने, ऊद व गंधरस यांच्या थैल्या उघडतात.

पहिले अर्पण

मे १८८८ मध्ये रिचमंड येथे 'विमेन्स मिशनरी युनियन' ही बॅप्टिस्ट स्त्रियांची संघटना स्थापन झाली. तिच्या चिटणीस ॲनी आर्मस्ट्राँग यांनी मून यांची सूचना उचलून धरली. २,००० डॉलर जमावेत असे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात ३,३१५ डॉलर जमले आणि तीन स्त्रियांना चीनला पाठवण्याची सोय झाली. मून यांना रजा मिळाली ती १८९१ मध्ये.

येथे एक विसंगती नमूद करावीशी वाटते. कन्व्हेन्शनच्या वार्षिक अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून बसण्याचा अधिकार १८८५ पासून फक्त पुरुषांनाच होता. स्त्रियांना तो मिळाला १९१८ मध्ये. म्हणजे या मधल्या काळात निधी उभारणाऱ्या स्त्रियांना त्याच्या विनियोगावर मत देता येत नव्हते. आर्मस्ट्राँग यांच्या सुचवण्यावरून अर्पणाला मून यांचे नाव मिळाले तेही १९१८ सालीच.

मृत्यू व आख्यायिका

१९१२ साली दुष्काळ व अस्थिरतेच्या काळात मून यांची प्रकृती ढासळली. त्यांना मायदेशी नेले जात असताना जपानमधील कोबे बंदरात, बोटीवरच, नाताळच्या पूर्वसंध्येला त्यांचे निधन झाले. भुकेल्या चिनी लोकांना आपले अन्न देऊन त्या उपासमारीने गेल्या, अशी कथा मंडळ्यांत पुढे रूढ झाली आणि निधीच्या आवाहनांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. इतिहासकार रेजिना सलिव्हन यांनी २०११ च्या चरित्रग्रंथात या कथेची छाननी केली असून तिला समकालीन कागदपत्रांचा आधार सापडत नाही, असे दाखवले आहे. मून यांची पत्रे वाचल्यास या कथेची गरजही भासत नाही. ३९ वर्षांची सेवा पुरेशी बोलकी आहे.

सद्यःस्वरूप

डिसेंबरच्या आरंभी मंडळ्यांत प्रार्थना सप्ताह पाळला जातो. प्रत्येक दिवशी एखाद्या प्रदेशासाठी वा मिशनरी कुटुंबासाठी प्रार्थना होते व रविवारच्या उपासनेत अर्पण स्वीकारले जाते. अलीकडील वर्षांत वार्षिक रक्कम २० कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. बंगळूरचे बॅप्टिस्ट रुग्णालय (१९७३) ज्या परदेशी मिशन मंडळाने उभारले, त्याच मंडळाकडे हा निधी जातो. एवढ्या मोठ्या व्यवहारात उद्दिष्टाचे आकडे प्रार्थनेच्या पुढे जाण्याचा धोका उघड आहे. ज्या मंडळीत सप्ताहभर प्रार्थना न होता केवळ शेवटच्या रविवारी पाकिटे वाटली जातात, तेथे १८८७ च्या सूचनेचा निम्माच भाग पाळला जातो.