विडीवरचा वाघ

विडीचा कट्टा संपला की त्यावरचा कागद कोणी जपून ठेवत नाही. अमेरिकेत मात्र सिगारेटच्या पाकिटातल्या एका पुठ्ठ्याला २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलर मिळाले. पाकीट चेपू नये म्हणून घातलेल्या पुठ्ठ्यावर तिकडे १८८०च्या दशकात चित्रं छापू लागले. एवढी किंमत मिळालेलं ते बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं १९०९ ते १९११च्या मालिकेतलं कार्ड दुर्मिळ, कारण त्यानेच ते थांबवायला लावलं. तंबाखूची जाहिरात नको म्हणून, असं काही सांगतात; काहींच्या मते पैशांवरून बिनसलं.

आपल्या कट्ट्यावर खेळाडू नव्हता. वाघ, सिंह, टेलिफोन, नुसता आकडा, नाहीतर फोटोतून रोखून पाहणारा खुद्द मालक. गिऱ्हाइकाला वाचता येत नसे, तो चित्र मागे. नावाचंही वजन असतंच: छत्रपती संभाजींचं नाव विडीला नको म्हणून आंदोलनं झाली तेव्हा 'संभाजी विडी'ची 'साबळे विडी' झाली.

या कागदाच्या आतल्या विडीचं तेंदूपान चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं असू शकतं. एप्रिल-मे महिन्यांत गावं उजाडायच्या आत जंगलात जातात. दुपारी ओसरीवर घरातले सगळे पानं जुळवत बसतात. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांचं एक गोणं, म्हणजे सत्तर हजार पानं. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, मोजणी होते, पुडे उन्हात पसरून उलथवले जातात. २०१३पासून गडचिरोलीतल्या काही ग्रामसभा स्वतःच पान विकू लागल्या. कंत्राटदाराशी भाव ठरवताना ग्रामसभेचा शब्द लागतो, ही मला या धंद्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते.

चित्रातला वाघ इथे खरा भेटतो. १० मे २०२५ रोजी चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या. शेजारच्या गडचिरोलीत 'मुक्तिपथ' अभियान दारू-तंबाखू सोडवायला गावोगाव फिरतं, आणि पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा विकला जातो. त्याला ना छाप, ना मालकाचा फोटो.

२००९पासून विडीच्या कट्ट्यावर धोक्याचं चित्र सक्तीचं झालं. २०१६पासून त्याने ८५ टक्के जागा घेतली, आणि वाघाला कोपरा उरला. जुन्या घराच्या कपाटात एखादा जुना कागद सापडला, तर फेकू नका. खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असेल, तर आधी ते उतरवून घ्या.